सैनिकी संस्थेचा टेडी टीव्हीच्या चित्रीकरणाला नेताना: ब्रिटनमधील स्वयंसेवकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

ब्रिटनमध्ये सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांची परंपरा दीर्घ आहे. 'सॅफा' ही संस्था १८८५ पासून, दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 'सेंट डन्स्टन्स' या नावाने सुरू झालेली आणि आता 'ब्लाइंड व्हेटरन्स यूके' म्हणून ओळखली जाणारी संस्था १९१५ पासून, 'रॉयल ब्रिटिश लीजन' १९२१ पासून, हातपाय गमावलेल्या सैनिकांची 'ब्लेस्मा' १९३२ पासून आणि 'हेल्प फॉर हीरोज' २००७ पासून कार्यरत आहे. अशा संस्थांच्या निधिसंकलनात टेडीला चांगलेच स्थान मिळाले आहे. दुकानात विकायचे टेडी वेगळे आणि संस्थेचा शुभंकर म्हणून गावोगाव फिरणारा टेडी वेगळा. हा दुसरा टेडी मॅरेथॉनला जातो, रेजिमेंटच्या जेवणावळीला बसतो, फुटबॉलच्या मैदानावर फोटो काढून घेतो आणि संधी मिळाली तर एखाद्या टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणालाही हजेरी लावतो.

ब्रिटनमध्ये शिकणारे किंवा स्थायिक झालेले मराठी लोक अशा संस्थांच्या स्थानिक शाखांत स्वयंसेवक म्हणून काम करतात, तेव्हा 'या वेळी टेडीला तुम्हीच घेऊन जा' असे सांगितले जाण्याची वेळ त्यांच्यावरही येऊ शकते. काम दिसायला गमतीचे आहे. पण टेडीच्या अंगावर संस्थेचे नाव असते, त्या नावावर विश्वास ठेवून लोक पैसे देतात आणि टीव्हीच्या स्टुडिओत तर प्रत्येक गोष्टीला नियम असतो. टेडी पडद्यावर दिसला की मोहीम फत्ते झाली, असे अनेकांना वाटते. माझ्या मते ती कसोटीच चुकीची आहे. कोणाचाही नियम न मोडता आत जाऊन, संस्थेला पुढे निर्धास्तपणे वापरता येईल असा एक स्वच्छ फोटो घेऊन परत आलात, तर भेट यशस्वी झाली. या लेखातील सगळ्या सूचना त्याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

'अस्वलच का?' या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा

हा प्रश्न रांगेत विचारला जाईल, सुरक्षा कर्मचारी विचारतील आणि कार्यक्रमाचा सूत्रसंचालक भेटला तर तोही विचारील. 'गोंडस दिसते म्हणून' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या ॲक्टन भागातील फार्नेल या कंपनीने जेमतेम नऊ सेंटीमीटर उंचीची चिमुकली अस्वले बनवली होती. गणवेशाच्या खिशातून डोके बाहेर काढून ते अस्वल वर पाहत आहे असे वाटावे, म्हणून त्यांचे डोळे नेहमीपेक्षा वरच्या बाजूला बसवलेले असत. आघाडीवर निघालेल्या सैनिकाला घरची माणसे असे अस्वल देत असत. कॅनडाच्या लॉरेन्स रॉजर्स या अधिकाऱ्याला त्याच्या लहान मुलीने आपला टेडी पाठवला होता. रॉजर्स १९१७ मध्ये पॅशनडेलच्या लढाईत मारला गेला. तो टेडी मात्र घरी परत आला आणि आज ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे.

त्यानंतर व्होयटेक या खऱ्याखुऱ्या अस्वलाची हकीकत आहे. हे पिल्लू १९४२ मध्ये इराणमध्ये पोलिश सैनिकांकडे आले, तोफखान्याला रसद पुरवणाऱ्या २२व्या कंपनीत त्याची शिपाई म्हणून नोंद झाली आणि १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनोच्या लढाईत त्याने दारूगोळ्याच्या पेट्या उचलल्याचे सांगितले जाते. युद्धानंतर तो एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात राहिला आणि १९६३ मध्ये तेथेच मरण पावला. त्या शहरातील प्रिन्सेस स्ट्रीट उद्यानात २०१५ पासून त्याचा पुतळा आहे. मराठी माणसाला या गोष्टीत एक ओळखीचा धागा सापडतो. सोव्हिएत रशियातून सुटून इराणमार्गे बाहेर पडलेल्या त्याच पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले होते. रांगेत शेजारी उभा असलेला माणूस गप्पिष्ट निघाला, तर ही गोष्ट त्याला जरूर सांगावी. वेळ छान जातो.

टेडी कोणता न्यावा

शुभंकराचे दोन प्रकार असतात. एक मांडीवर मावणारे खेळणे आणि दुसरा माणसाने आत शिरून घालायचा अस्वलाचा पूर्ण पोशाख. कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी लेखी निमंत्रण दिले नसेल, तर पोशाखाचा विचारही करू नये. चेहरा झाकलेली व्यक्ती सुरक्षा तपासणीतून आत सोडली जात नाही, अस्वलाचे मोठे डोके मागच्या प्रेक्षकांच्या आड येते आणि पोशाखाच्या आत असलेल्या माणसाचे उकाड्याने हाल होतात.

खेळणे साधारण २५ ते ४० सेंटीमीटर उंचीचे असावे. त्यापेक्षा लहान असेल तर फोटोत हरवते, मोठे असेल तर बॅगेत मावत नाही आणि शेजारच्याच्या खुर्चीवर अतिक्रमण करते. पोटात आवाजाची डबी असलेले, म्हणजे दाबले की बोलणारे किंवा गाणारे अस्वल असेल, तर निघण्यापूर्वी त्यातील बॅटरी काढून टाकावी. स्टुडिओत प्रेक्षकांच्या डोक्यावर ध्वनिग्राहक टांगलेले असतात, कारण हशा आणि टाळ्याही मुद्रित करायच्या असतात. ऐन शांततेच्या क्षणी अस्वल बोलू लागले, तर तो प्रसंग पुन्हा चित्रित करावा लागेल आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतील. गळ्यातली घंटा, टोकदार पिना आणि वायर भरलेले हातपाय यांनाही हाच न्याय लावावा.

संस्थेची लेखी परवानगी

स्थानिक शाखेच्या प्रमुखाने 'घेऊन जा' म्हटले एवढ्यावर निघू नये. संस्थेच्या जनसंपर्क विभागाला एक ईमेल पाठवून कार्यक्रमाचे नाव, तारीख, सोबत कोण जाणार आणि फोटो कुठे वापरायचे आहेत ते कळवावे आणि त्यांच्या होकाराची छापील प्रत जवळ ठेवावी. इंग्लंड आणि वेल्समधील मोठ्या धर्मादाय संस्थांना चॅरिटी कमिशनकडून नोंदणी क्रमांक मिळालेला असतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये नियामक वेगळे आहेत. तो क्रमांक त्या पत्रावर असावा, कारण स्टुडिओतील कोणी विचारणा केलीच, तर तुम्ही खरोखरच संस्थेच्या वतीने आला आहात हे दाखवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

याच वेळी एक गोष्ट निश्चित करून घ्यावी: या भेटीत पैसे गोळा करायचे नाहीत. टेडी दिसला की लोक आपण होऊन खिशात हात घालतात आणि मग 'घेऊन टाकू' असा मोह होतो. परंतु ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर निधी गोळा करायला परवाना लागतो. तो सामान्यतः स्थानिक परिषद देते, तर लंडनच्या बहुतांश भागात तो पोलिसांकडून घ्यावा लागतो. स्टुडिओबाहेरच्या पदपथावरची रांग रस्त्यावरच असते, हे विसरू नये. स्टुडिओचे आवार खाजगी असल्याने तेथे मालकाची परवानगी लागते आणि ती मिळण्याची शक्यता फारच कमी असते. देणगी देऊ इच्छिणाऱ्याला संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता छापलेले कार्ड द्यावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेत डबा घेऊन निधी गोळा केलेल्या मराठी वाचकाला हा निर्बंध जाचक वाटेल, पण तेथील कायदा तसा आहे.

टेडीने काय घालावे

या टप्प्यावर चुका सर्वाधिक होतात, म्हणून येथे थोडे थांबू या.

सैनिकी गणवेश घातलेला टेडी छान दिसतो. मात्र ब्रिटिश सैन्यदलांची अनेक बोधचिन्हे, हवाई दलाचे निळे-पांढरे-लाल वर्तुळ धरून, संरक्षण मंत्रालयाच्या नावे नोंदवलेले व्यापारचिन्ह आहेत. घरी शिवलेल्या सदऱ्यावर असे चिन्ह भरतकाम करून लावणे आणि तो सदरा संस्थेच्या नावाने जाहीरपणे मिरवणे योग्य नाही. संस्थेने परवाना घेऊन बनवलेला पोशाख असेल तरच तो वापरावा, एरवी संस्थेचा साधा टी-शर्ट पुरेसा आहे. खरी पदके तर टेडीच्या छातीवर कधीही लावू नयेत. ब्रिटनमध्ये दिवंगत नातलगाची पदके छातीच्या उजव्या बाजूला लावण्याची प्रथा आहे आणि ती लावणाऱ्यांच्या भावना त्यांच्याशी जोडलेल्या असतात. एखाद्या माजी सैनिकाला खेळण्यावरचे पदक विनोदी वाटेल, तर दुसऱ्याला तो अपमान वाटेल आणि तुमच्या शेजारी त्यांपैकी कोण बसणार हे तुमच्या हातात नसते.

लाल पॉपीचे फूल ही दुसरी अडचण. युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या ११ नोव्हेंबरच्या स्मृतिदिनाआधीचे काही आठवडे ब्रिटनमध्ये जो तो कोटाला पॉपी लावतो. परंतु प्रश्नमंजूषा किंवा विनोदी गटचर्चेचे कार्यक्रम प्रसारणाच्या काही आठवडे, कधी काही महिने आधी चित्रित होतात. नोव्हेंबरमध्ये पॉपी लावून बसलेला टेडी फेब्रुवारीत पडद्यावर दिसला तर विचित्र वाटेल, म्हणून निर्मातेच ते फूल काढायला सांगतात. नाताळच्या टोपीचेही तसेच. काळाचा पत्ता लागेल असे काहीही टेडीच्या अंगावर नसावे.

टी-शर्टवरचे बोधचिन्ह लहान असावे आणि त्यावर चढवता येईल असे एक कोरे जाकीट सोबत ठेवावे. ब्रिटनमधील प्रसारण नियामक 'ऑफकॉम' याच्या संहितेनुसार कार्यक्रमात कोणत्याही उत्पादनाला किंवा सेवेला अवाजवी ठळकपणे दाखवता येत नाही. बीबीसीचे स्वतःचे नियम याबाबत अधिकच काटेकोर आहेत. धर्मादाय आवाहन प्रसारित करायचेच झाले, तर ते विनामूल्य असावे लागते आणि संस्था खरी असल्याची खात्री वाहिनीला आधी करून घ्यावी लागते. अशा परिस्थितीत छातीभर अक्षरे मिरवणारा टेडी प्रेक्षकांत दिसला, की कर्मचारी येऊन तो झाकायला सांगणार. झाकायची सोय तुमच्याकडे आधीच असली, तर टेडी मांडीवरच राहतो. नसली तर खुर्चीखाली जातो.

रंगाविषयी दोन शब्द. बारीक रेघांचे कापड कॅमेऱ्यात थरथरल्यासारखे दिसते, झगझगीत पांढरा रंग दिव्यांखाली फुटतो आणि ज्या कार्यक्रमात हिरव्या पडद्याच्या जागी नंतर दुसरी दृश्ये बसवली जातात तेथे हिरवा सदरा चालत नाही. गडद निळा किंवा मरून रंग कुठेही चालून जातो.

कार्यक्रमाची निवड

प्रश्नमंजूषा, गप्पांचे कार्यक्रम आणि कौटुंबिक मनोरंजनाचे कार्यक्रम टेडीसाठी उत्तम. राजकीय व्यंगाचे कार्यक्रम टाळावेत. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थेला कोणत्याही राजकीय पक्षाची बाजू घेता येत नाही, आणि पंतप्रधानांची टर उडवली जात असताना खदखदून हसणाऱ्या माणसाच्या मांडीवर संस्थेचा टेडी दिसला, तर त्याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतील. बीबीसीच्या 'चिल्ड्रन इन नीड' या वार्षिक मदतफेरीच्या कार्यक्रमालाही दुसरे अस्वल नेऊ नये. तेथे १९८५ पासून डोळ्यावर पट्टी बांधलेला पड्सी हा अस्वलच यजमान आहे. यॉर्कशायरमधील पड्सी गावाचे नाव त्याला देण्यात आले, कारण त्याची रचना करणाऱ्या जोआना लेन तिथल्या होत्या. दुसऱ्याच्या घरच्या कार्यात आपला नवरदेव मिरवायला नेऊ नये, इतके साधे पथ्य आहे.

तिकीट आणि पत्र

ब्रिटनमध्ये टीव्हीच्या चित्रीकरणाचे प्रेक्षक-तिकीट सामान्यतः विनामूल्य असते. बीबीसीच्या अनेक कार्यक्रमांची तिकिटे तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून सोडत काढून दिली जातात. इतर अनेक कार्यक्रमांची 'एसआरओ ऑडियन्सेस' आणि 'अप्लॉज स्टोअर' यांसारख्या कंपन्यांमार्फत मिळतात. अर्ज करताना किमान वयाची अट पाहावी. हाती तिकीट असले तरी प्रवेशाची हमी नसते, हे नवख्या माणसाला ठाऊक नसते. विनामूल्य तिकीट घेऊन न येणारे बरेच असतात, म्हणून खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटे वाटली जातात आणि जागा संपली की रांगेतल्या उरलेल्यांना परत पाठवले जाते. त्यामुळे दिलेल्या वेळेच्या बरेच आधी पोहोचावे. ही तिकिटे नावावर असतात. ती लिलावात किंवा सोडतीत ठेवून संस्थेसाठी पैसे उभे करण्याची कल्पना कितीही आकर्षक वाटली, तरी सहसा अटींविरुद्ध असते.

तिकीट मिळाल्यावर, चित्रीकरणाच्या तीन-चार आठवडे आधी, निर्मिती कंपनीला पत्र लिहावे. वाहिनीला लिहून उपयोग नसतो, कारण ब्रिटनमधील पुष्कळ कार्यक्रम स्वतंत्र कंपन्या बनवतात. कंपनीचे नाव कार्यक्रमाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत सापडते. पत्र इंग्रजीतच जाणार, पण त्याचा आशय साधारण असा असावा:

'आम्ही अमुक संस्थेचे स्वयंसेवक आहोत. संस्थेचा नोंदणी क्रमांक अमुक आहे. अमुक तारखेच्या चित्रीकरणाला आम्ही दोघे प्रेक्षक म्हणून येत आहोत आणि आमच्यासोबत संस्थेचा ३० सेंटीमीटर उंचीचा टेडी असेल. तो पडद्यावर दिसावा किंवा त्याचा उल्लेख व्हावा अशी आमची विनंती नाही. चित्रीकरण संपल्यावर, आपल्या सोयीने, सेटवर त्याचा एक फोटो काढता आला तर आम्ही आभारी राहू. तो फोटो कार्यक्रम प्रसारित होईपर्यंत आम्ही कोठेही प्रसिद्ध करणार नाही.'

यातील चौथे आणि शेवटचे ही दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची आहेत. निर्मात्यांना अशी पत्रे येतात, तेव्हा आधी शंका येते ती फुकट जाहिरातीची आणि निकाल फुटण्याची. दोन्ही शंका पत्रानेच दूर केल्या, तर होकार मिळण्याची शक्यता बरीच वाढते. उत्तर आले नाही, तर एकदाच आठवण करावी. त्यानंतरही शांतता असेल, तर टेडी बॅगेत घेऊन जावे आणि दारावरच्या प्रेक्षक-व्यवस्थापकाला नम्रपणे विचारावे. तो नाही म्हणाला, तर टेडी बॅगेतच राहील. हुज्जत घालू नये.

सोबत कोण येणार

टेडीला नेणाऱ्यांत शक्यतो एक माजी सैनिक किंवा त्याच्या कुटुंबातील कोणी असावे. संस्थेचे काम ज्यांच्यासाठी चालते, त्यांना एक हसरी संध्याकाळ मिळावी हा या भेटीचा फोटोपेक्षा मोठा उपयोग आहे, असे मला वाटते. मात्र त्यासाठी आधी विचारपूस करावी लागते. चाकाच्या खुर्चीची जागा तिकीट घेतानाच राखून ठेवावी लागते, कारण स्टुडिओतील प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुधा उतरत्या पायऱ्यांच्या मचाणावर असतात आणि खालच्या सपाट जागेत मोजक्याच खुर्च्या मावतात. कृत्रिम पाय लावणाऱ्यांना अरुंद रांगेत तीन तास बसणे त्रासाचे होते. कडेची खुर्ची मागून घ्यावी.

युद्धातील अनुभवांमुळे ज्यांना मानसिक आघाताचा त्रास होतो, त्यांच्याबाबत आणखी काळजी घ्यावी. स्टुडिओत अचानक दिवे मालवले जातात, लखलखते दिवे वापरले जातात, धूर सोडला जातो आणि काही कार्यक्रमांत छोटे स्फोटही असतात. पत्रातच एक ओळ घालून यांपैकी काय अपेक्षित आहे ते विचारून घ्यावे आणि उत्तर त्या व्यक्तीला आधी सांगावे, म्हणजे यायचे की नाही ते तिला ठरवता येईल. चित्रीकरण चालू असताना उठून बाहेर जाणे अवघड असते. म्हणून बसताक्षणीच बाहेरचा रस्ता कोणता ते कर्मचाऱ्याला विचारावे आणि गरज पडल्यास बाहेर पडावे लागेल, याची कल्पना त्याला देऊन ठेवावी. अशा विनंतीला सहसा नकार मिळत नाही. मात्र ती ऐन वेळी केली तर सगळ्यांचाच गोंधळ उडतो.

सध्या सेवेत असलेला सैनिक सोबत असेल, तर त्याने माध्यमांशी बोलण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते, हे त्याला माहीत असतेच. तुम्ही मात्र उत्साहाच्या भरात त्याला सूत्रसंचालकापुढे ढकलू नये.

चित्रीकरणाच्या दिवशी

पासपोर्ट किंवा ब्रिटिश वाहन परवाना, तिकिटाची प्रत, संस्थेचे पत्र, टेडीचे कोरे जाकीट आणि एक मऊ ब्रश एवढे सामान पुरे. टेडीच्या सदऱ्याच्या आत संस्थेचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवलेली असावी. हरवलेला शुभंकर परत मिळतो तो अशा पट्टीमुळेच. लंडनच्या व्हाइट सिटीतील टेलिव्हिजन सेंटर असो, बोरहॅमवूडचे एल्स्ट्री असो किंवा सॅलफर्डच्या मीडियासिटीतील स्टुडिओ असोत, प्रवेशाच्या वेळी बॅगा तपासल्या जातात. टेडी सर्वांत वर ठेवावा आणि तो काय आहे ते आपणच आधी सांगावे. मोबाइल बंद करायला सांगतात, काही ठिकाणी ते पिशवीत सीलबंद करतात. अशा ठिकाणी फोटो काढायचा असेल तर परवानगी दिलेल्या कर्मचाऱ्यालाच फोटो काढायची विनंती करावी.

आत गेल्यावर कुठे बसायचे ते तुम्ही ठरवायचे नसते. चित्रीकरण सुरू होण्याआधी प्रेक्षकांना खुलवण्यासाठी एक विनोदवीर येतो. त्याची नजर टेडीवर पडणार, यात शंका ठेवू नये. तो तुमची थट्टा करील, टेडीचे नाव विचारील, कदाचित तुमचेही. एका वाक्यात संस्थेचे नाव आणि टेडीचे नाव सांगून मोकळे व्हावे. त्या क्षणी माजी सैनिकांच्या हालअपेष्टांवर भाषण सुरू केले, तर त्या बिचाऱ्याचा सगळा रंग उतरतो.

यापुढे फ्लोअर मॅनेजरचा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी स्टुडिओतील व्यवस्था पाहणाऱ्याचा, शब्द अंतिम. टेडी मांडीवर, छातीच्या खाली ठेवावा. उंच धरू नये, हलवू नये, कॅमेरा वळला की त्याचा पंजा हलवून दाखवू नये. आणि जेथे ठेवला तेथेच शेवटपर्यंत राहू द्यावा. याचे कारण संकलनात आहे. प्रसारित कार्यक्रम सलग चित्रित झाल्यासारखा दिसला, तरी प्रत्यक्षात त्याचे तुकडे मागेपुढे होतात, चुकलेली वाक्ये शेवटी पुन्हा घेतली जातात आणि प्रेक्षकांची दृश्ये कुठूनही उचलून कुठेही बसवली जातात. एका दृश्यात मांडीवर टेडी आणि लगेच पुढच्या दृश्यात तो गायब, असे झाले की संकलकाला तुमची अख्खी रांग वगळावी लागते. टाळ्या वाजवताना दोन्ही हात मोकळे हवेत, कारण टाळ्या वाजवणे हेच तेथे तुमचे काम असते. टेडी गुडघ्यांच्या मध्ये घट्ट बसतो की नाही, याची तालीम घरीच करून पाहावी.

अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला दोन ते तीन तास सहज लागतात. स्टुडिओ गार असतो. आत शिरण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे.

फोटो

चित्रीकरण संपल्याची घोषणा होताच मोठे दिवे मालवायला सुरुवात होते आणि कामगार सेट आवरू लागतात. हाताशी वेळ थोडाच असतो. म्हणून कोणता फोटो हवा ते आधीच ठरवून जावे. टेडी सेटवरच्या खुर्चीत बसलेला, फोटो काढणारा गुडघ्यावर आणि कॅमेरा टेडीच्या डोळ्यांच्या पातळीवर असा साधा फोटो सर्वांत चांगला येतो. चौकटीत गुणफलक, उत्तरांची कार्डे, सूत्रसंचालकाची वाचनपट्टी किंवा इतर प्रेक्षकांचे चेहरे येऊ नयेत. गुणफलकावरचा एक आकडाही निकाल फोडू शकतो.

सूत्रसंचालक किंवा पाहुणा कलाकार स्वतःहून थांबला, तर त्याला टेडी हातात द्यावा आणि फोटो संस्थेच्या पत्रिकेत व समाजमाध्यमांवर वापरला तर चालेल का, असे तिथेच, त्याच्या सहायकासमोर विचारावे. होकार मिळाला तर त्याच रात्री ईमेलने त्याची नोंद करून ठेवावी. मात्र फोटोला संमती देणे म्हणजे संस्थेला पाठिंबा जाहीर करणे नव्हे. 'अमुक कलाकार आमच्या पाठीशी' अशी ओळ लिहिली, तर पुढच्या वेळी तो कलाकार टेडीकडे पाहणारही नाही. सही घ्यायची असेल तर ती टी-शर्टवर किंवा कापडी पट्टीवर घ्यावी. लोकरीवर शाई पसरते आणि नाव वाचता येत नाही.

पूर्ण पोशाखाचे निमंत्रण आले तर

असे क्वचित घडते, तरी तयारी माहीत असावी. पोशाखातील माणसासोबत एक मोकळा सोबती सतत हवा, कारण अस्वलाच्या डोक्यातून फक्त समोरचे आणि तेही थोडेसेच दिसते, आणि स्टुडिओच्या जमिनीवर सर्वत्र केबल पसरलेल्या असतात. एका वेळी १५ ते २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ आत राहू नये. मध्ये डोके काढून पाणी प्यावे, आणि हे सर्व बंद खोलीत, कोणाच्याही नजरेस न पडता करावे. आत असताना बोलायचे नाही. अपघात झाल्यास कोणाचा विमा लागू होईल, ते संस्था आणि निर्मिती कंपनी यांनी आधी लेखी ठरवावे.

परत आल्यावर

प्रसारणाची तारीख येईपर्यंत फोटो कोणालाही पाठवू नये, नातेवाइकांच्या गटावरही नाही. तारीख निश्चित झाल्यावर संस्थेच्या जनसंपर्क विभागाकडून मथळा तपासून घ्यावा. त्यात सोबत आलेल्या माजी सैनिकाचे पूर्ण नाव, पलटण किंवा राहण्याचे ठिकाण त्याच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये आणि सेवेत असलेल्या सैनिकाच्या बाबतीत तर ते शक्यतो देऊच नये. प्रवासखर्च संस्थेकडून घ्यायचा असेल, तर तो आधी मंजूर करून घ्यावा आणि पावत्या जोडाव्यात, कारण टेडीच्या रेल्वेप्रवासावर देणगीचे पैसे खर्च झाले का, असा प्रश्न देणगीदार विचारू शकतो आणि त्याला तो अधिकार आहे.

निर्मिती कंपनीला आभाराचे पत्र आठवड्याच्या आत जावे. त्यात काहीही नवीन मागू नये. सही केलेला टी-शर्ट लिलावात ठेवायचा असेल, तर ती वेगळी विनंती कलाकाराच्या प्रतिनिधीकडे करावी आणि लेखी होकार येईपर्यंत तो टी-शर्ट संस्थेच्या कार्यालयात, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवावा. टेडीची स्वतःची एक नोंदवही असते. तीत कार्यक्रम, तारीख, सोबत गेलेली माणसे आणि परत आल्यावरची अवस्था, म्हणजे उसवलेली शिवण, हरवलेले बटण, पडलेला डाग, हे सर्व लिहून मगच तो पुढच्या शाखेकडे सोपवावा.